घाटात बंद पडलेली गाडी

मुलुंडला थंडी पडते म्हटलं की नाशिकची माझी मावसबहीण फोनवर हसते. हसेना का. डिसेंबर लागला की सकाळी डोंगराच्या बाजूनं वारा येतो, आमचा वॉचमन माकडटोपी घालून खुर्ची उन्हात ओढतो, भाजीवाल्याकडे मटार आणि ओली हळद शेजारी शेजारी येऊन बसतात आणि फरसाणवाल्याच्या दुकानावर उंधियोची पाटी लागते. पंखा एकवर ठेवून झोपता येईल असे वर्षातले हे एवढेच दिवस. लोक त्यांची वाट बघतात. मीही बघायचे. आता कपाटातून स्वेटर काढताना डांबरगोळ्यांचा वास आला की तो परत कपाटात कोंबावासा वाटतो.

कारण हा आमच्या जत्रेचा मोसम. डिसेंबरातल्या एका शनिवार-रविवारी अंधेरीच्या एका मोठ्या हॉलमध्ये पटावरचे खेळ खेळणाऱ्यांचा मेळा भरतो. सगळे त्याला कन्व्हेन्शन म्हणतात, आमचा बाळा जत्रा म्हणतो, आणि बाळाचंच बरोबर आहे. आत शिरलं की नव्या पुठ्ठ्याचा वास येतो. शंभर टेबलांवर फासे खुळखुळत असतात. आपल्यासारखी पोटं सुटलेली, चष्मे लागलेली माणसं लाकडी मेंढ्यांसाठी आणि कागदी राज्यांसाठी हमरीतुमरीवर येतात आणि डाव संपला की हात मिळवून एकमेकांना कॉफी पाजतात. वेफर्स खाल्लेल्या हातानं कुणी पत्त्याला हात लावला तर सगळं टेबल त्याच्याकडे असं बघतं की देवघरात चपला घालून आल्यासारखं वाटावं. माझ्या नवऱ्याला सापशिडीसुद्धा गुंतागुंतीची वाटते, त्यामुळे तो कधी आला नाही. आम्ही चौघं जायचो. मी, तिसऱ्या मजल्यावरचा मिलिंद, त्याची बायको सुजाता आणि तळमजल्यावरचा बाळा.

मिलिंद एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायचा. सुजाता महापालिकेच्या शाळेत शिकवते. बाळा लिफ्ट दुरुस्त करतो, कणकवलीकडचा आहे आणि हरायला लागला की मालवणीत उतरतो. एकदा बिल्डिंगचे दिवे दिवसभर गेले होते, तेव्हा मिलिंदनं जिन्यात पट मांडला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून बसवलं. आम्ही तिघं बसलो ते बसलोच. पुढे कितीतरी रविवार त्यांच्या घरच्या जेवणाच्या टेबलावर गेले. सुजाता आधी पोहे करायची, ते खाऊन सगळ्यांनी साबणानं हात धुवायचे आणि मगच मिलिंद खेळाचा डबा उघडायचा.

तो गंमतीदार खेळाडू होता. त्याला जिंकता यायचं नाही आणि त्याचं त्याला काही वाटायचंही नाही. दुसऱ्याची खेळी चांगली झाली की हाच मांडीवर थाप मारायचा. बाळा चिडायचा, "अरे, तू माझ्या विरुद्ध खेळतोयस ना? मग खूश काय होतोस?" मिलिंद म्हणायचा, "झकास खेळलास रे, काय करू?" अशा माणसाबरोबर खेळताना लबाडी करायची सोय राहत नाही. मी करून पाहिली आहे.

एका वर्षी मिलिंद आणि सुजाता गणपतीला बाळाच्या गावी निघाले. मिलिंदचं मूळ गाव जालन्याकडे, कोकण त्यानं तोवर पाहिलं नव्हतं. बाळाची जुनी व्हॅन कशेडी घाटात बंद पडली. धो धो पाऊस, आणि शेजारून गाड्यांची रांग. प्रत्येक गाडीत मखर, प्रत्येक गाडीत गाणी, आणि प्रत्येकाला गणपती बसायच्या आत पोचायचं. दुपारची संध्याकाळ झाली तरी कोणी थांबेना. शेवटी एक टेम्पोवाला कुटुंबकबिल्यासह थांबला. यांना जागा करायला त्यानं आपली दोन पोती रस्त्यावरच्या हॉटेलात उतरवून ठेवली आणि या तिघांना आत घेतलं. कणकवलीला सोडलं आणि नाव विचारायच्या आत निघून गेला. पुढे कित्येक दिवस मिलिंद एकच विचारत होता, "त्या माणसाला काय मिळालं असेल रे?" बाळाचं उत्तर ठरलेलं होतं, "शिव्या. बायकोच्या."

त्यातून मिलिंदनं खेळ केला. नाव ठेवलं ‘चला गावाक’. मुंबईपासून कणकवलीपर्यंतचा रस्ता त्यानं हातानं रंगवला. पनवेलची वडापावची गाडी, पेणच्या गणपतींचे कारखाने, महाडचा पूल, घाटातलं धुकं, सगळं. प्रत्येक खेळाडू म्हणजे एक कुटुंब. गाडीत मखर, मोदकाचे साचे, केळीची पानं असं सामान भरायचं आणि गाव गाठायचं. जो लवकर पोचेल आणि जास्त सामान पोचवेल त्याला जास्त गुण. गुण म्हणून चिंचोके. वाटेत ‘बिघाड’ हा पत्ता निघाला की तुमची गाडी घाटात बंद. मग दुसरं कोणी तिथं थांबून तुम्हाला आपल्या गाडीत घेईपर्यंत तुम्ही तिथेच. जो थांबेल त्याची एक पाळी जाणार आणि जागा करायला त्याला आपलं एक सामान उतरवावं लागणार. बदल्यात त्याला काहीही नाही.

खरं तर हा नियम खुळ्यासारखा होता. कोण थांबेल? पण आम्ही थांबायचो. दर रविवारी, दर डावात. कोणाची गाडी अडली आणि आपली सोंगटी त्या घरापाशी आली की हात आपोआप मखर उचलून बाहेर ठेवायचा. बाळा शिव्या देत थांबायचा, पण थांबायचा. मिलिंद त्या वेळी काही बोलायचा नाही. नुसता पत्ते पिसायचा थांबायचा आणि आपल्याकडे बघायचा. आम्हाला कधी प्रश्नच पडला नाही. थांबायचंच असतं, असं आम्ही धरून चाललो होतो.

त्या मेळ्यात एक कोपरा घरी केलेल्या खेळांसाठी असतो. तिथं तुम्ही आपला खेळ मांडायचा आणि अनोळखी लोक येऊन तो खेळून बघतात. तिथला रिवाज मात्र कडक आहे. नियम एकदा सांगून झाले की खेळ करणाऱ्यानं डाव संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. लोक चुकले, अडले, कंटाळले तरी नाही. मला हा शुद्ध छळ वाटायचा. मिलिंदला पटायचा. "ज्योती, उद्या हा खेळ घरोघरी गेला, तर मी काय प्रत्येक डब्यात बसून जाणार आहे का? माझ्याशिवाय चालला तर तो खेळ." पुढच्या डिसेंबरात आपणही टेबल मांडायचं, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

मे महिन्यात तो गेला. ऑफिसात जेवायला बसला होता, डबा उघडला आणि छातीत कळ आली. एवढंच. आंब्याचे दिवस होते, त्यांच्या घरी पेटी आली होती, ती नंतर कोणी खाल्ली मला माहीत नाही. माणूस जायला काही मोठं कारण लागेल असं आपल्याला उगाच वाटत असतं.

नोव्हेंबरात सुजाता माझ्याकडे आली आणि म्हणाली, "टेबल घेऊया गं. त्याचं ठरलं होतं ना." मी बाळाकडे बघितलं, बाळानं जमिनीकडे. नको कसं म्हणणार?

तो गेल्या वर्षीचा डिसेंबर. रिक्षातून पवईमार्गे निघालो. सुजाता डबा मांडीवर घेऊन बसली होती आणि प्रत्येक खड्ड्याला त्यावर हात दाबत होती. हॉलमध्ये तोच पुठ्ठ्याचा वास, तेच फासे. आमच्या टेबलावर चार जण आले. दोन कॉलेजची मुलं, एक लॅपटॉपची बॅग पाठीला लावलेला तरुण आणि एक चष्मेवाल्या बाई, ठाण्याहून एकट्याच आलेल्या. बाळानं नियम सांगितले. बरे सांगितले, मालवणी विनोद घालून. सगळे हसले. चित्रांची तारीफ झाली. मग आम्ही तिघं खुर्च्या मागे घेऊन गप्प बसलो.

बिघाडाचा पत्ता बाईंना आला. त्या हसून म्हणाल्या, "घ्या, मी बसले घाटात." मागून पहिला मुलगा आला. घाटापाशी थबकला, चिंचोके मोजले आणि "सॉरी हां आंटी" म्हणून पुढे गेला. दुसरा गेला. बॅगवाला तरुण आला, तोही गेला. बाईंनी पुन्हा पाळीची वाट बघितली. पाळी आली तरी त्यांना करण्यासारखं काहीच नव्हतं. मग त्यांनी मोबाइल काढला. थोड्या वेळानं पर्समधून चकलीची पुडी काढली, आठवण झाली, परत ठेवून दिली. त्यांची लाल सोंगटी घाटाच्या वळणावर तशीच उभी होती. बाकीचे तिघं चिपळूणच्या पुढे चुरशीनं खेळत होते. नियमाप्रमाणे सगळं बरोबर चाललं होतं. आम्ही इतकी वर्षं ज्याला खेळ समजत होतो तो डब्यात नव्हताच. तो मिलिंदच्या बघण्यात होता.

पुढच्या एका फेरीत बॅगवाल्या तरुणानं मागे जाण्याचा पत्ता ओढला आणि त्याची गाडी परत घाटात आली. तो पुन्हा निघणार, तेवढ्यात सुजाता बोलली. बोलायचं नव्हतं, पण बोलली.

"थांबा ना हो त्यांच्यासाठी."

तरुणानं वर पाहिलं. उर्मट नव्हता, खरंच विचारत होता. "थांबलो तर मला काय मिळणार, ताई?"

"काही नाही."

"मग कोण थांबेल?"

शेजारच्या टेबलावरचा स्वयंसेवक आमच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवून हसला. सुजातानं मान खाली घातली. डाव संपला. मुलांनी सांगितलं की खेळ छान आहे, फक्त तो घाट काढून टाका, नाहीतर थांबणाऱ्याला दोन-चार गुण तरी द्या. बाई उठताना पदर सारखा करत म्हणाल्या, "सुंदर केलंय हो तुम्ही. पण मी काही खेळलेच नाही."

परतताना रिक्षात बाळा म्हणाला, "दोन गुण देऊया. पोरं बरोबर बोलली."

"नाही," सुजाता म्हणाली.

"अगो, मग कोण खेळतला ह्यो खेळ?"

"कोणी खेळू नका. गुण दिले की ते थांबणं राहत नाही, बाळा. मग थांबणारा दुकान मांडतो घाटात." तिचा आवाज चिरका झाला होता. "त्यानं केलंय ते तसंच राहील."

मला दोघांचंही पटत होतं. माणूस गेल्यावर त्याचं काय जसंच्या तसं ठेवायचं आणि कशाला हात लावायचा, हे कोणी शिकवत नाही. त्याचे शर्ट आपण देऊन टाकतो. त्याचा मोबाइल नंबर ठेवतो. त्याची चहाची कपबशी पाहुण्यांना देत नाही, आणि मग एक दिवस गडबडीत देऊन बसतो. सुजातानं डबा कपाटावर ठेवला आणि वरून जुनी चादर टाकली.

मधल्या वर्षात आम्ही तो एकदाच काढला. या सप्टेंबरात, गणपतीच्या आधीच्या रविवारी. बाळा गावी निघणार होता, सुजातानं पोहे केले, सगळ्यांनी हात धुतले. आणि खेळायला बसलो तर काय, कोणी पुढेच जाईना. माझी गाडी अडली, तर बाळानं घाईघाईनं सामान उतरवलं. बाळाची अडली तर सुजातानं. कोणी चेष्टा करेना, कोणी शिव्या देईना. मिलिंद गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला आम्ही जसे वागलो होतो तसेच वागत होतो, हळू आवाजात, एकमेकांना आधी वाट देत. बाळा तर हरताना मालवणीतसुद्धा उतरला नाही. अर्ध्यातच सुजातानं फासा खाली ठेवला.

"हे काय चाललंय आपलं?" ती म्हणाली. "त्याला असं खेळलेलं आवडलं असतं का?"

"नाय," बाळा म्हणाला.

"त्याला लोक हवे होते रे. भांडणारे. आपण तर त्याला कपाटावर ठेवलंय आणि खाली बसून रडतोय."

मग ती उठली, शाळेच्या पिशवीतून मार्कर काढला आणि नियमांच्या पुठ्ठ्यावर स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं की थांबणाऱ्याला दोन चिंचोके मिळतील. लिहून झाल्यावर बराच वेळ ती त्या ओळीवर फुंकर घालत राहिली. शाई केव्हाच वाळली होती. मी म्हटलं, "सुजाता, तुला पटत नसेल तर नको ना." ती म्हणाली, "वर्गात मी नाही का चांगल्या अक्षराला स्टार देत? स्टारसाठी का होईना, काढतात ना पोरं अक्षर."

मग ती पोह्यांच्या ताटल्या उचलून आत गेली. मला त्या क्षणी मिलिंदचा राग आला. एवढा भला खेळ करून ठेवायचा, आणि तो चालवायला स्वतः थांबायचं नाही.

परवा आम्ही पुन्हा अंधेरीला गेलो. या वर्षी घाटकोपरपर्यंत बसनं आणि पुढे मेट्रोनं. सकाळचं ऊन डब्यात तिरकं येत होतं, खाली साकीनाक्याची छपरं, त्यांवर वाळत घातलेल्या गोधड्या, आणि हवेत तो डिसेंबरचा धुरकट गारवा. सुजातानं निळी साडी नेसली होती. मी विचारलं, "भीती वाटते का?" तर म्हणाली, "कसली? चालला नाही तर वाईट, चालला तरी वाईट."

खेळ चालला. चार अनोळखी माणसं बसली आणि पहिल्या फेरीतच टेबल तापलं. कोणाची गाडी बंद पडली की आता सगळ्यांचे डोळे चमकत होते. दोघंजण एकदमच घाटापाशी आले आणि अडलेल्या मुलीला कोणी उचलायचं यावरून भांडले. "मी आधी पोचलो, ती माझी!" "अरे, तू पहिल्या वेळेला घेतलेस ना दोन? आता माझी पाळी." ती मुलगी खदखदून हसत होती. कोणी घाटात फार वेळ राहिलं नाही. बाळाच्या विनोदांची गरज पडली नाही, आमच्यापैकी कोणाचीच पडली नाही. बाजूच्या टेबलांवरची माणसं मान वळवून बघत होती. मिलिंदला हवा होता तसा खेळ, त्याच्याशिवाय चाललेला. मी सुजाताकडे पाहिलं. ती ओठ घट्ट मिटून बघत होती, जशी परीक्षेच्या वर्गात उभी राहत असेल. आता तो खरंच गेला, असं मला वाटलं. मे महिन्यात वाटलं नव्हतं इतकं वाटलं.

चौघांत एक काका होते. अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, हातात कापडी पिशवी, विलेपार्ल्याहून नातवाला घेऊन आले होते. नातू दुसऱ्या टेबलावर रमला म्हणून हे इथे टेकले. फारसं बोलत नव्हते. डाव संपत आला तेव्हा त्यांची गाडी गावाच्या अगदी जवळ होती, आणि तोच मागे जाण्याचा पत्ता निघून ती घाटात येऊन पडली. तिथं त्या हसणाऱ्या मुलीची सोंगटी पुन्हा अडकली होती. काकांनी आपलं मखर उचललं, पटाबाहेर नीट उभं करून ठेवलं. मुलीची सोंगटी आपल्या गाडीत घेतली. "बस, बाळ," असं काहीतरी पुटपुटले. पाळी गेली म्हणून फासा पुढच्याच्या हातात दिला.

चिंचोके घेतले नाहीत.

वाटी मध्ये तिथेच होती, त्यांच्या हाताजवळ. बाळा खुर्चीतून पुढे झुकला. पण बोलायचं नाही, हा रिवाज. सुजातानं माझं मनगट धरलं, तिची बोटं गार होती. पुढचा खेळला, त्याच्या पुढचा खेळला, ती मुलगी काकांच्या गाडीतून गावाला पोचली. कोणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी मोजदाद झाली आणि काका एका चिंचोक्यानं हरले. ते हसले, जिंकलेल्या मुलाची पाठ थोपटली आणि पिशवी उचलून नातवाकडे निघाले.

डाव संपला होता, आता बोलायला हरकत नव्हती. बाळा ताडकन उठला. "थांब, मी विचारतो त्यांना. मुद्दाम सोडले की काय ते तरी कळू दे."

सुजातानं त्याच्या शर्टाची बाही धरली.

"नको रे," ती म्हणाली. "विसरलो म्हणाले तर?"

बाळा खाली बसला. काका गर्दीत दिसेनासे होईपर्यंत आम्ही तिघंही तिकडे बघत राहिलो, आणि मग पट पुसून पुढच्या चौघांसाठी मांडायला घेतला.